मी गोड नाही, आणि माझ्यात पेन्सिलही नाही

मी एक जुनी द्राक्षवेल आहे आणि मी गोड नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणं या एकाच गोष्टीवरून झालेली आहेत, आणि त्यातल्या एकाही भांडणात मला बोलायला मिळालेलं नाही.

मित्रांनो, द्राक्ष म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. लांबट, हिरवं, पातळ सालीचं, बिनबियांचं, तोंडात टाकताच विरघळणारं. ती माझ्या दूरच्या नात्यातली आहेत. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. बोलण्यासारखं त्यांच्यात काही नाहीच.

माझं द्राक्ष वाटाण्यापेक्षा जरासं मोठं. इतकं काळं की निळं वाटतं. साल जाड, आत दोन-तीन बिया, आणि उरलेल्या जागेत थोडासा रस. चावलं की जीभ टाळ्याला चिकटते. मी खायचं द्राक्ष नाही, वाईनचं आहे. पण ही गोष्ट कुणी विचारतच नाही. टपाल आणणाऱ्या माणसाने एकदा न विचारता माझा अख्खा घोस तोंडात कोंबला. त्यानंतर महिनाभर त्याने आमची पत्रं फाटकावरूनच आत भिरकावली. जणू मी त्याला बोलावलं होतं.

आता माझ्या घराण्याविषयी. आमच्या बाटलीवर सोनेरी अक्षरांत छापलंय, "राजवाड्याच्या बागेतून आलेला तीनशे वर्षांचा खानदानी वंश". मित्रांनो, मी टोमॅटोच्या वाफ्यातून आले.

त्याचं असं झालं. या मळ्याच्या मालकांना सगळे थोरले म्हणत. थोरल्यांचे साडू द्राक्षं लावायचे. हिवाळ्यात त्यांनी वेली छाटल्या आणि काड्या जाळायला टाकल्या. थोरले म्हणाले, "फुकट आहेत ना? द्या. टोमॅटोला टेकू होतील." त्यांनी बारा काड्या आणल्या आणि वाफ्यात ठोकल्या. त्यातल्या अकरा उलट्या. बारावी मी.

वसंतात टोमॅटोच्या रोपांना कीड लागली आणि ती सगळी मेली. मला मात्र पालवी फुटली. थोरल्यांना वाटलं, एक टोमॅटो तरी वाचला. त्यांनी मला तीन महिने टोमॅटो समजून पाणी घातलं. टोमॅटो काही लागले नाहीत. माझ्याबद्दल पहिल्यांदा निराशा व्यक्त झाली ती तेव्हा.

साडूंच्या मळ्यात एक काळी वेल होती आणि शेजारी एक पांढरी. एका वर्षी वारा इकडून तिकडे सुटला आणि कुणालाही न विचारता दोघींचं जमलं. त्या बीतून जी वेल झाली, तिची मी काडी. रंग, जाड साल आणि हट्ट काळ्या वेलीकडून आले. नाकाला कळतो तो वास पांढरीकडून. एवढंच माझं खानदान. राजवाड्याचं म्हणाल तर साडूंच्या गायीचं नाव राणी होतं.

तिसऱ्या वर्षी मला पाच घोस लागले. थोरल्यांनी चाखले, तोंड वाकडं केलं, आणि टाकवत नाही म्हणून त्यांचा रस आंबवून एका बरणीत भरला. ती वाईन इतकी तुरट झाली की थोरल्यांनी बरणी फळीवर मागे ढकलली आणि विसरून गेले. दोन वर्षांनी रॉकेल शोधताना ती हाती लागली. वासासाठी त्यांनी झाकण काढलं. मग पेला मागवला. मग खुर्ची मागवली. मग दुसरा पेला भरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या सत्तेचाळीस काड्या कापल्या. या वेळी त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीने प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला. "बाबा, दोरा वर," ती म्हणाली. "वर म्हणजे आभाळाकडे." तेव्हापासून या मळ्यात हा रिवाजच पडला. काडी कापली की वरच्या टोकाला लाल दोरा.

अशी आमची ओळ झाली. ओळीत चालत गेलात तर मी तुम्हाला अठ्ठेचाळीस वेळा भेटते. बहिणी म्हणा, मुली म्हणा, सगळी मीच. आमच्यात कधी वाद होत नाहीत. त्याला दुसरं कुणीतरी लागतं.

ती दोरेवाली मुलगी म्हणजे आमच्या आत्या. त्यांना सगळा मळा आत्याच म्हणतो, मीसुद्धा म्हणते, मनात. लग्न केलं नाही, मळा सोडला नाही, आणि आमच्या ओळीला दुसऱ्या कुणाची कात्री लागू दिली नाही. हिवाळ्यात त्या मला इतकं छाटत की आरशात बघायची सोय असती तर मी रडले असते. ऐन उन्हाळ्यात निम्मे हिरवे घोस तोडून खाली टाकत. पहिल्या वर्षी मला तो खून वाटला. नंतर कळलं, उरलेल्या घोसांत माझा सगळा जीव उतरावा म्हणून ते होतं.

आणि तोडणीच्या दिवसांत त्यांची एक पद्धत होती. रोज सकाळी यायचं. एक द्राक्ष उन्हाच्या बाजूचं, एक सावलीच्या बाजूचं. आधी रस गिळायचा, मग साल चघळायची, मग बी दाढेखाली धरायची. बी हिरवी असली की ती नुसती चेपते आणि कडू लागते. पिकली की तपकिरी होते आणि भाजलेल्या दाण्यासारखी कट् वाजते.

"वाजली," आत्या म्हणायच्या. त्या दिवशी तोडणी.

मग दोन वर्षं मला पिंपात कोंडून ठेवायचं. आत गेलेली मी भांडखोर असते. बाहेर येते ती शहाणी नसते, पण ऐकून घेते. आमच्या पिंपवाल्याने माझा एक पेला घेतला आणि वीस वर्षं अबोला धरलेल्या भावाला त्याच दुपारी पत्र लिहिलं. पत्र शिव्यांचं होतं. पण लिहिलं.

तेव्हा मला वाटायचं, जगात आपल्याला समजून घेतलं जातं. मग वाईन जाणणारे लोक यायला लागले.

हे लोक पेला फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अहाहा. पेन्सिल."

मी पेन्सिल कधी चाखलेली नाही. पुढच्याने "जुनं चामडं" सांगितलं. तिसरा म्हणाला, "ओला दगड, आणि मागे कुठेतरी सिगारची पेटी." माझ्याशेजारी दगड आहे, मान्य. पण बाकीचं सामान माझ्यात कुणी ठेवलं? एवढी माणसं आली, एवढी नाकं बुडाली; एकाने तरी म्हणावं ना, "अहाहा, द्राक्ष"? नाही. वहीत लिहून घेतात. पेन्सिलीने.

पण ते दिवसही बरे म्हणायचे. निदान पिकेपर्यंत कुणी हात लावत नव्हतं.

थोरले गेले. त्यांचा मुलगा कधी मळ्यात रमलाच नाही. मळा आला नातीकडे, म्हणजे आत्यांच्या भाचीकडे. ती आता आमची मालकीणबाई. हुशार, कष्टाळू, सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारी. तिच्यात एकच दोष, की तिचं लग्न झालं. नवरा आधी वजनकाटे तपासायच्या कामावर होता. मनाने निर्मळ माणूस. पण जे मोजता येत नाही ते नसतंच, अशी त्याची ठाम समजूत. आम्ही सगळे त्याला जावईबापू म्हणतो.

जावईबापूंनी येताना एक नळी आणली. तिच्या टोकाला काच. काचेवर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकायचा आणि दुसरीकडून डोळा लावायचा. आत एक रेघ दिसते. रसात साखर जितकी जास्त, तितकी रेघ वर. सगळे तिला दुर्बीण म्हणू लागले. दुर्बिणीबरोबर एक पुस्तिका होती आणि तीत लिहिलं होतं, बावीसवर रेघ आली की तोडणी करा.

मित्रांनो, साखर भरणं हे द्राक्षातलं सगळ्यात सोपं काम आहे. ऊन पडलं की भरते. साल आणि बी पिकायला वेळ लागतो. दुर्बिणीला साखर दिसते. बी दिसत नाही, साल दिसत नाही, आणि त्या नळीला दाढही नाही.

पहिल्या वर्षी रेघ बावीसवर आली तेव्हा आत्या म्हणाल्या, "जावईबापू, अजून दहा-बारा दिवस. बी ओली आहे."

"आत्याबाई, बावीस म्हणजे बावीस."

"अहो, पण चावून तरी बघा."

"चावण्याला एकक काय?" जावईबापूंनी विचारलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तोडणी झाली. वाईन झाली हिरवट, कडवट, जिभेवर ब्रश फिरवल्यासारखी. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी वाईन घेणाऱ्या हॉटेलवाल्या बाईंनी पिंप परत पाठवलं आणि सोबत चिठ्ठी, "याने भांडी उत्तम निघाली."

आणि दोष कुणाचा? माझा.

त्या हिवाळ्यात मालकीणबाई आणि जावईबापू माझ्यापुढे उभे राहिले. माझ्याशेजारी एक सपाट दगड आहे, त्यावर आत्या कात्रीला धार लावत बसल्या होत्या.

"स्वभावच तुरट आहे हो या जातीचा," जावईबापू म्हणाले. "बुंधे गुडघ्याएवढे ठेवून वरून करवतीने कापू. त्यावर गोड, बिनबियांच्या वेलीची कलमं बांधू. मुळं जुनी, फळ नवीन."

"आजोबांची ओळ आहे," मालकीणबाई म्हणाली.

"आजोबांनी टोमॅटो लावले होते."

मालकीणबाई आत्यांकडे वळली. ती म्हणाली, "आत्या, तूच सांग. सलग चार वर्षं पिंप परत आलं किंवा पडून राहिलं. मी काय करू?"

"चार वर्षं कच्ची तोडलीत," आत्या म्हणाल्या. "मला बाराव्या वर्षी लग्नाला उभं केलं असतं, तर मीसुद्धा तुरटच निघाले असते."

"तू आता कुठे गोड आहेस?"

"पण पिकलेली आहे ना, बये!"

मालकीणबाई हसली, पण तिचा निर्णय हसला नाही. यंदा शेवटची संधी. तोडणी दुर्बिणीनेच होणार, कारण घरात रोज भांडण नको. हॉटेलवाल्या बाई वसंताच्या तोंडावर येऊन पिंपातून चाखतील. त्यांनी नाही म्हटलं की करवत. जावईबापूंनी लगेच लाल रंगाचा डबा आणला आणि माझ्या बुंध्यावर, गुडघ्याच्या उंचीला, फुली मारली. मोजपट्टी लावून.

आत्या त्यानंतर बराच वेळ कात्रीला धार लावत बसल्या. धार केव्हाच लागली होती.

मित्रांनो, पुढे मी जे सांगणार आहे त्यात माझं काहीही कर्तृत्व नाही. मला आवडलं असतं, पण नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी कमी होतं, फुलं लवकर सुकली, आणि आत्यांच्या मधमाश्या उपाशी मरायला लागल्या. त्यांच्या दोन पेट्या ओळीच्या टोकाला होत्या. आत्या रोज एका निळ्या किटलीत पाणी घेऊन त्यात दोन मुठी साखर विरघळवायच्या, बशीत ओतायच्या, आणि माश्या बुडू नयेत म्हणून वर बुचाचे तुकडे सोडायच्या. उरलेली किटली माझ्याशेजारच्या दगडावर.

दर मोसमाच्या सुरुवातीला दुर्बिणीला शून्य शिकवावं लागतं. साध्या पाण्याचा थेंब टाकायचा, कारण पाण्यात साखर नसते, आणि रेघ शून्यावर नसेल तर एक बारीक पेच फिरवून ती शून्यावर आणायची. जावईबापू हे काम मोठ्या भक्तीने करायचे. हात धुवून, काच मऊ फडक्याने पुसून. त्या दिवशीही पुसली. मग पाणी शोधायला इकडेतिकडे बघितलं. दगडावर किटली होती.

मी माझ्या सगळ्या पानांनिशी सळसळले. त्यांना वाटलं वारा सुटला.

थेंब काचेवर पडला. डोळा लागला. "अरेच्चा," जावईबापू पुटपुटले. "चांगलीच सरकलीय की. उन्हाने बिघडली वाटतं." आणि त्यांनी पेच फिरवून रेघ खाली, शून्यावर आणून ठेवली. त्यांच्या मते आता दुर्बीण अगदी अचूक होती.

म्हणजे आता रसात खरे पंचवीस असले की ती बावीस सांगणार होती.

हे मला लगेच कळलं असं म्हणत नाही. मला वजाबाकी येत नाही. पण दोन आठवड्यांनी मात्र काहीतरी विलक्षण घडायला लागलं. रोज सकाळी जावईबापू यायचे, थेंब टाकायचे आणि म्हणायचे, "एकोणीस!" दुसऱ्या दिवशी, "एकोणीसच!" आणि मला हात न लावता परत जायचे. मागून आत्या यायच्या, बी चावायच्या आणि म्हणायच्या, "ओलीच आहे." आणि त्याही परत जायच्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांना एकाच गोष्टीची वाट बघावी लागत होती. दोघंही एकमेकांकडे संशयाने बघायला लागले.

तोडणीवाल्यांना दोनदा बोलावून दोनदा परत पाठवलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "मालक, तिसऱ्यांदा बोलवाल तेव्हा जेवूनच जाऊ." पाखरांनी वरचे घोस टोचले. एका दुपारी गारांचा काळा ढग आला आणि मी अठ्ठेचाळीस ठिकाणी एकाच वेळी घाबरले. सुदैवाने तो शेजारच्या टेकडीवर रिता झाला.

आणि मुंग्या! तुम्ही विचार करा. काचेवर साखरेचा थेंब. पुसला तरी कडेच्या फटीत थोडा राहिला. जावईबापू दुर्बीण दगडावर ठेवायचे आणि दोन मिनिटांत मुंग्यांची रांग लागायची. माझा जीव टांगणीला. आता यांना कळणार, आता कळणार.

"बघा," जावईबापू कौतुकाने म्हणाले. "मुंग्यांनासुद्धा यंत्राचं आकर्षण आहे."

मी आयुष्यभर माणसांना कळत नाही म्हणून चरफडले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, नाहीच कळत ते किती बरं आहे.

आत्यांना मात्र कळलं. त्या दिवशी जावईबापू गेल्यावर त्या वाकल्या. मुंग्यांकडे बघितलं. मग किटलीकडे. मग दुर्बिणीच्या काचेला करंगळी लावून जिभेवर टेकवली. आणि तिथेच दगडावर बसून एकट्याच, आवाज न करता, पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की मला वाटलं यांना काही झालं की काय.

मग डोळे पुसून त्यांनी माझ्या बुंध्यावर थाप मारली. "बोलू नकोस हं."

मी कधी बोलले होते?

पहिल्या एकोणीसपासून बाराव्या दिवशी सकाळी जावईबापू ओरडले, "बावीस!" आणि त्याच क्षणी दोन वेली पलीकडून आवाज आला. कट्.

"वाजली," आत्या म्हणाल्या.

तोडणी झाली. हिवाळा गेला. आणि वसंताच्या तोंडावर हॉटेलवाल्या बाई आल्या. करवत आधीच भिंतीला टेकवून ठेवलेली, नवी, कागदात गुंडाळलेली. गोड, बिनबियांच्या काड्यांची मोळीसुद्धा येऊन पडली होती, आणि आत्यांनी, जशी सवय, प्रत्येक काडीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला होता. ज्या काड्या त्यांची ओळ संपवणार होत्या, त्यांनासुद्धा. मी ते बघत होते. बुंध्यावरची फुली खाजत होती.

बाई म्हणाल्या, "जिने माझी भांडी घासली ती वेल मला बघायचीय." म्हणून पेले दगडावरच मांडले. त्यांनी पेला फिरवला. नाक घातलं. एक घोट घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिल्या.

मालकीणबाईने साडीचा काठ बोटाला गुंडाळला. जावईबापूंनी घड्याळाकडे बघून घोटाची वेळ मोजली. आत्या माझ्यावरची एक सुकी काडी मोडत होत्या, उगाच.

"कोवळी आहे अजून," बाई शेवटी म्हणाल्या. "भांडते. पण मुद्द्याला धरून भांडते. गिळून झाली तरी अजून इथेच बसलीय." त्यांनी गालाला बोट लावलं. "दोन वर्षं पिंपात ठेवा. सगळी माझी." मग पुन्हा नाक घातलं. "आणि मागे कुठेतरी पेन्सिल आहे."

मी सोडून दिलं. त्या दिवशी मी सगळं सोडून दिलं.

मालकीणबाई पेले बाजूला सारून दगडावर बसली. आणि जावईबापूंना भरून आलं. त्यांनी खिशातून दुर्बीण काढली आणि लहानसं भाषण केलं. चार वर्षं लोक हसले, पण आकड्याने साथ दिली. बावीस म्हणजे बावीस. "आणि आता मी हिला दुरुस्तीवाल्याकडे पाठवतोय. पूर्ण तपासणी. पुढच्या वर्षी ही याहून अचूक असेल!"

माझ्या मुळांपर्यंत गारवा गेला. अचूक! म्हणजे पुन्हा खरं शून्य, पुन्हा कच्ची तोडणी, पुन्हा भांडी. करवत फक्त एक वर्ष पुढे जाणार होती.

आत्यांनी हातातली सुकी काडी खाली टाकली. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्या म्हणाल्या, "जावईबापू, पाठवण्याआधी साध्या पाण्याचा एक थेंब टाका बघू. बाईंच्या बाटलीतला."

जावईबापूंनी टाकला. डोळा लावला. नळी फिरवली. पुसली. पुन्हा टाकला.

"रेघ नाहीये," ते म्हणाले.

"गेली कुठे?"

"शून्याच्या खाली."

"पाण्यात शून्याहून कमी साखर असते होय?"

जावईबापूंचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली. वजनकाटा तपासणाऱ्या माणसाच्या पायाखालचा काटाच कुणी काढून घेतला होता.

"मागच्या उन्हाळ्यात," आत्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मधमाश्यांचं पाणी घालून तिला शून्य शिकवलंत. मुंग्या आल्या तेव्हा मला कळलं. मी बोलले नाही. ती चूक माझी. पण तुमच्या चुकीने ही वेल चार वर्षांत पहिल्यांदा पिकली."

मालकीणबाईने आधी तोंडावर हात धरला. मग उपयोग होईना. ती हसता हसता दगडावरून खाली घसरली. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "मुंग्यांना यंत्राचं आकर्षण आहे म्हणत होतात ना!"

जावईबापू हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. तोडणीवाल्यांच्या नजरेतून सुटलेला एक घोस माझ्या पानं गळलेल्या, यंदा न छाटलेल्या काड्यांत सुकून लटकत होता. त्यांनी त्यातलं एक सुरकुतलेलं द्राक्ष तोडलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तोंडात टाकलं. साल चघळली. बी दाढेखाली धरली.

कट्.

जावईबापूंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस बदलला.

"आत्याबाई," ते म्हणाले, "हा आवाज मोजता येईल का?"

मित्रांनो, माझी ओळ वाचली. फुली अजून आहे, पावसाने फिकी होतेय. तोडणीच्या दिवसांत हल्ली आत्या आणि जावईबापू शेजारी शेजारी उभे राहून बिया चावतात. फरक इतकाच की जावईबापूंच्या गालाला एक मायक्रोफोन चिकटवलेला असतो. आत्या म्हणतात, "वाजली." ते म्हणतात, "थांबा, अजून दोन अंशांनी वाजायला हवी." बाटलीवर अजून राजवाडा आहे. आणि नव्या कागदावर छोट्या अक्षरांत पेन्सिलही छापली आहे. माझी चिडचिड संपलेली नाही. ती माझ्या सालीत असते, तिथेच ती शोभते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणाला कुणी नळीला डोळा लावून बघत असेल आणि एकच आकडा सांगून परत जात असेल, तर त्यात तुमची साखर तेवढी आली, असं समजा. आणि तुम्ही कुणाला बघाल तेव्हा जरा चावून बघा. सालीसकट, बीसकट. ओली लागली तर तोंड वाकडं करू नका. दहा-बारा दिवस थांबा.

हो, त्या गोड काड्यांचं सांगायचं राहिलं. कलमं रद्द झाली तेव्हा जावईबापू म्हणाले, "फुकट का घालवा? टोमॅटोला टेकू होतील." त्यांनी वाफ्यात प्रत्येक काडी मोजपट्टी लावून ठोकली. लाल दोरा म्हणजे मातीत गाडायच्या टोकाची खूण, असं त्यांना वाटलं. दोरा मातीखाली, बरोबर बारा बोटं. अतिशय अचूक आणि सगळ्या उलट्या.

फक्त शेवटची एक त्यांच्या हातून पडली, आणि उचलून ठोकताना टोकं बदलली.

काल तिला दोन पानं फुटली. जावईबापू तिला रोज पाणी घालतात. त्यांना वाटतं, टोमॅटो आहे.